नक्षत्रमहालाची लिफ्ट

"मागच्या गेटनं या ना मावशी, समोरून पत्रे ठोकले आम्ही," असं तो सुपरवायझर बोलला अन् माहं डोस्कंच फिरलं.

"मी मागच्या दारानं येत नाई," म्या सांगतलं.

"अवो पण समोर सारा मलबा पडून राह्यला..."

"पडू दे. मागच्या दारानंच याचं असतं तं जवानीतच आली असती. आता हे गुडघे घेऊन कायले येऊ?"

तो बिचारा एकडाव माह्याकडं पाहे, एकडाव माह्या नातीकडं. अमर नाव त्याचं. डोक्यावर पिवळं टोप, चांगल्या घरचा पोट्टा दिसत होता. त्याले काय माहीत बाप्पा, का मागचं दार म्हटलं का मले काय होते! सुरभीनं, म्हणजे माह्या नातीनं, कपाळावर हात मारला. ती नागपूरले आर्किटेक्चर शिकते. हे हॉटेल पाडाच्या आधी त्याचा नकाशा काढाचा, फोटो घ्याचे, असा तिचा प्रोजेक्ट होता, म्हणून तिनं परवानगी काढली होती. मी तिचा पदर धरून आलती.

"आजी, तुले लिफ्टमधी बसाचं हाय का भांडण कराचं हाय?"

"दोन्ही," म्या म्हटलं.

नीट सांगते. यवतमाळात हॉटेल नक्षत्रमहाल होतं. होतं काय, अजून उभं होतं त्या दिवशी, पण पाडाले सुरुवात झालती. दारं-खिडक्या विकल्या गेलत्या, झुंबर कोण्या मंगल कार्यालयवाल्यानं नेलं, अन् त्या दिवशी लिफ्ट निघणार होती. लिफ्ट निघाच्या आधी मले तिच्यात बसून वर जाचं होतं. एकडाव. समोरच्या दारानं. बस, एवढंच होतं माहं म्हणणं.

नक्षत्रमहाल बांधला तो एका जिनिंगवाल्या सेठनं. तवा कापसाच्या सीझनमधी मुंबईचे, अहमदाबादचे व्यापारी यवतमाळले येत अन् धर्मशाळेत ढेकणं मारत पडत. एका व्यापाऱ्यानं म्हणे सेठले टोमणा मारला, का तुमच्या गावात कापूस गंज पिकते, ढिगानं पिकते, पण गादी एक धड नाई. सेठच्या मनाले लागलं ते. त्यानं मुंबईवरून नकाशेवाला आणला, राजस्थानातून दगड आणला, बल्लारशाचं सागवान आणलं. लोक हसत. यवतमाळात राजवाडा! राहीन कोण त्याच्यात, माकडं? पण उभा झाला ना राजवाडा. चार मजली. समोर दोन मोटारी बाजूबाजूनं उभ्या राहतीन असा पोर्च, त्याले गोल गोल खांब, अन् खांबाच्या डोक्यावर कमळं नाईत, तं उललेली कापसाची बोंडं. नकाशेवाला कमळं काढून राह्यला होता. सेठ म्हणे, कमळानं कोणाले जेवाले घातलं इथं? बोंडं काढ.

अन् हॉटेलच्या मधोमध लिफ्ट. पितळेचं जाळीचं दार, आत लाल गालिचा, पाठीमागं मोठ्ठा आरसा. तिच्या भोवतालून जिना फिरत फिरत वर जाये, अन् जिन्याच्या उंच खिडकीतून रंगीत काचायचा उजेड लिफ्टवर पडे. आपल्या जिल्ह्यात पहिली लिफ्ट आपलीच, असं हे छाती फुगवून सांगत.

हे म्हणजे आमचे हे. बबनराव. नक्षत्रमहालाचे लिफ्टमन. हॉटेल उघडलं तवापासून तं लिफ्टची मोटर जळाली तोपर्यंत, दुसरं काम यायनं केलंच नाई. तवाच्या लिफ्टले बटनं नोती, पितळेचा दांडा होता. तो फिरवून लिफ्ट अशी थांबवाची का फरशीले फरशी लागली पाहिजे. यायच्या लिफ्टमधून उतरताना कोणी ठेचकाळलं नाई कधी.

आता चपलायची गोष्ट.

कापूस विकून झाला का खेड्यातले लोक लिफ्ट पाहाले येत. घाटंजीचे, आर्णीचे, कुठचे कुठचे. सेठची मनाई नोती. कापूस त्यायचाच होता ना! पोर्चमधून आत येत, त्या चकचकीत फरशीवरून दबकत दबकत चालत, अन् लिफ्टपाशी आले का चपला काढत. कोणी सांगतलं नोतं. पण पितळेचं दार, लाल गालिचा, अन् बाजूले टोपी घालून एक माणूस हात जोडून उभा. अशा जागी चपला घालून कसं जाचं? मंग लिफ्ट चढे वर, हे लोक गच्चीवर उतरत, पाय भाजत, अन् आठवे, अरे, चपला तं खालीच राह्यल्या!

मॅनेजर यायच्यावर खेकसे, सांग म्हणे त्यायले, चपला घालून चढा म्हणाव. हे काही सांगत नोते. खाली येत, साऱ्या चपला लिफ्टमधी भरत, वर नेत, अन् गच्चीच्या दारापाशी जोडीजोडीनं मांडत. तोंडं बाहेर करून, म्हणजे घालाले सोप्या. मातीच्या, शेणाच्या, तुटक्या, कशाही असोत. "त्यायनं मानानं काढल्या. मी कोण होय घाला म्हणणारा?" असं यायचं म्हणणं.

अन् माहं लगन याच्याच पायी झालं, सांगा आता!

आम्ही घाटंजीचे. माह्या बाबाले कोणी यायचं स्थळ सुचवलं. बाबा मोठे चतुर. म्हणे, पोराले न सांगता पाहून येतो. बाजाराच्या पिशवीसकट पोहोचले नक्षत्रमहालात. तिथं गेल्यावर त्यायचंही तेच झालं. चपला खाली अन् बाबा वर. गच्चीवर एका पायावर नाचून राह्यले. तेवढ्यात लिफ्ट वर आली, अन् यायनं बाबाच्या चपला काढून त्यायच्या पायापाशी ठेवल्या. "घाला काका, फरशी तापली," म्हणे. बाबा कोण, कुठचे, यायले काही माहीत नोतं. बाबा घरी आले अन् मायले म्हणे, पोरगी तिथंच द्याची. ज्यानं अनोळखी माणसाच्या चपला उचलल्या तो माह्या पोरीले टाकून बोलणार नाई.

मी आतून ऐकत होती. म्या म्हटलं, वा! बापाच्या चपला उचलल्या म्हणून पोरगी बक्षीस देऊन राह्यले.

पण खोटं कायले बोलू, बाबा चुकले नोते. हे मले कधी टाकून बोलले नाई. टाकून बोलाचं सारं काम मीच केलं.

लगनानंतर मी यवतमाळले आली तं मले वाटलं, आता हॉटेल पाहाले भेटीन. कायचं काय! नोकरायच्या घरच्यायनं मागच्या दारानं याचं, भांड्याच्या मोरीपाशी उभं राहाचं, अन् निरोप देऊन निघाचं, असा नियम. लिफ्टमधी तं पायही ठेवाचा नाई. हे मले म्हणत, "दुपारी मॅनेजर झोपते, ये मागून, मी जिन्यानं नेतो वर." म्या म्हटलं, माह्या घाटंजीचा कोणताही माणूस उठते अन् समोरच्या दारानं लिफ्टमधी जाते. अन् मी, लिफ्टमनची बायको, मोरीकडून येऊ? येईन तं समोरूनच येईन.

अन् त्यात ती शेजारची विजयमाला. नळावर साऱ्या बाया उभ्या असताना मले म्हणे कशी, "काहो, तुमच्या मालकायले चपला उचलाचा पगार अलग भेटते का?" बाया खदखद हासल्या. माह्या अंगाचा नुसता भडका झाला. हे संध्याकाळी घरी आले तं म्या बकेट आपटली.

"तुम्ही लिफ्टमन हाय का चपला वाहणारे?"

"दोन्ही," हे म्हणे, अन् हासले.

"हासता काय? मले लाज येते."

"अवं, तू बी काढशीन चपला. लिफ्टच्या दारापाशी जो येते तो काढतेच."

"मी? मी काय पहिल्यांदा शहर पाहून राह्यली? मी सँडल घालून टकटक करत जाईन, मालकीणबाईसारखी."

"लाव पैज."

"लावली!"

"काढशीन तू," हे म्हणे. "अन् मीच आणून देईन वर. तुह्या पायापाशी ठेवीन. तवा पाह्य, लाज येते का."

म्या मान फिरवली. पण सांगते, त्या दिवसापासून ती लिफ्ट माह्या जीवाले लागली.

आणखीन एक गोष्ट होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं का हे लिफ्ट वर थांबवत अन् गच्चीच्या कठड्यापाशी उभे राहत. घरी आले का मले म्हणत, "आज गुलाबी साडी वाळू घातली होती तुनं." नाईतर, "आज केस धुतले होते, उन्हात बसली होती." मले वाटे कोणी चुगली करते. मंग कळलं, तिथून आमची गच्ची दिसे. नक्षत्रमहालावरून आमचं दोन खोल्यायचं घर! "तू एवढीशी दिसते," हे बोटाच्या पेराएवढं दाखवत. म्या कधी हात हलवला नाई. मले तिकडून हे दिसतच नोते ना. मले नुसतं हॉटेल दिसे, पांढरंफक, अन् वर आभाळ. एक माणूस रोज मले पाहते अन् मी त्याले पाहू शकत नाई, याचा मले इतका राग ये! म्हणून मी मुद्दाम रंगीत साड्याच वाळू घालो. पांढरी असली तं घरातच वाळवो.

दिवस गेले. कापसाची खरेदी सरकारनं हाती घेतली अन् बाहेरचे व्यापारी येणं कमी झालं. सेठ वारले. मंग नक्षत्रमहालात लगनं होऊ लागली, वाढदिवस होऊ लागले, झुंबरावर फुगे लटकले. लोडशेडिंगच्या काळात तं लिफ्ट रोज मधातच अडके. तवा जफर धावे. जफर हा लिफ्टचा मेकॅनिक, यायच्याहून लहान, यायले बबनभाऊ म्हणे. वर मशीनच्या खोलीत एक मोठं चाक होतं, ते हातानं फिरवलं का लिफ्ट हाले. आत हे लोकायले धीर देत अन् ओरडत, "होऊ दे जफर!" अन् फरशी लागली का, "बस!" दोघं मिळून माणसं सुखरूप काढत.

सेठचे पोरं नियम-बियम पाळणारे नोते. तवा यायनं म्हटलं, आता चाल, समोरून नेतो. मी साडी काढून ठेवली, अन् त्याच आठवड्यात लिफ्टची मोटर जळाली. "नवी येऊन राह्यली मोटर," हे म्हणत. "आली का पहिली तू." मोटर काही आली नाई. हॉटेल बंद पडलं. तरी हे रोज समोरच्या टपरीवर चहा प्याले जात, अन् हॉटेलकडं तोंड करून बसत. मागच्याच्या मागच्या दिवाळीत हे गेले. जाच्या आधीही मले म्हणे, "तुही लिफ्ट राह्यली वं कोकिळा."

मले यायची लय आठवण येते. सांगाले लाज कायची? घरात भांडाले कोणी नाई.

म्हणून जफरचा निरोप आला, का भाभी, लिफ्ट काढाचं काम मलेच देलं, येत्या बुधवारी खोलतो, तवा म्या सुरभीले फोन लावला. अन् बाजारात जाऊन नव्या सँडल घेतल्या. टाचेच्या. टकटक वाजणाऱ्या. पैज म्हणजे पैज.

तं अमरनं शेवटी हात टेकले. दोन मजूर बोलावले, समोरचा एक पत्रा सरकवला, अन् मी पोर्चमधून, त्या बोंडायच्या खांबायखालून, नक्षत्रमहालात गेली. मलब्यातून गेली, पण समोरून गेली.

आत पाह्यलं. यायनं जे जे सांगतलं होतं ते सारं तिथं होतं, पण अर्धं. छताले झुंबराचा हूक तेवढा होता. भिंतीवर तसबिरीयचे चौकोन होते. फरशी मात्र होती, काळीपांढरी, फूलफूल काढलेली, धूळ साचलेली. सुरभी टेप घेऊन इकडं तिकडं धावे, "आजी, पाह्य ना, ही कमान पाह्य, हे छत पाह्य, आता असं कोणी बांधते का!" मी हाव हाव करत होती अन् त्या फरशीवर मुद्दाम सँडल वाजवत होती. टक, टक, टक. त्या रिकाम्या हॉलमधी आवाज असा घुमे! ऐकून राह्यले ना, म्या मनात यायले म्हटलं. काढल्या का म्या? नाई ना?

लिफ्टपाशी जफर उभा होता. दाढी पांढरी झालती त्याची. मले पाहून त्यानं तोंड फिरवलं, डोळे पुसले.

"भाभी, दोर अच्छे हायत. कालच तेल-पाणी केलं. चाक फिरते."

"म्हणजे काय?" अमर मधात पडला. "कोणी बसणार हाय का लिफ्टमधी? नाई हं! लाईट नाई, काही झालं तं माही नोकरी जाईन. मावशी, फोटो काढा बाजूले उभ्या राहून."

"मी फोटो काढाले नाई आली."

"मावशी, ऐका ना."

"तू ऐक," म्या म्हटलं. भंगारात यायचा बसाचा स्टूल पडला होता, तीन पायायचा, यायनं स्वतःच गादी शिवली होती त्याले. तो ओढला अन् लिफ्टच्या दारासमोर मांडून त्याच्यावर बसली. "काढा लिफ्ट. माह्या डोक्यावरून काढा."

सुरभी म्हणे, "दादा, ही उठणार नाई. मी ओळखते हिले."

मंग जफर त्याले वर घेऊन गेला, चाक दाखवलं, ब्रेक दाखवला, दोर दाखवले. दोघं कितीतरी वेळ बोलत होते, जिन्यातून आवाज येत होता. "एक बुढी औरत हाय, साहेब," जफर म्हणे. "उलट वजन दुसऱ्या बाजूले हाय, लिफ्टहून जड. ही तं आपोआप वर येईन. मले नुसतं धरून ठेवाचं हाय." अमर खाली आला तवा त्याचा चेहरा मऊ झालता. म्हणे, "बसा मावशी. पण एकट्याच बसा, जास्त वजन नोको. अन् मी इथंच उभा राहतो." सुरभी वर पळाली, जफरले सांगाले.

अमरनं जाळी ओढली. किरर्र झाली ती, पण उघडली. त्यानं स्टूल आत ठेवला, मी आत गेली, अन् जाळी बंद झाली.

आरशात मी दिसली. पांढरे केस, नवी साडी. बाप्पा, म्या म्हटलं, इथं उभी राहाची ती पोरगी तं कोणी दुसरीच होती! ती गुलाबी साडीवाली. तिचे केस कंबरेपर्यंत होते. यायनं सारी जिंदगी हा आरसा पाठीशी घेऊन काढली अन् मी त्याच्यात एकडाव दिसली नाई. मले रडू फुटलं. पण वर जफर वाट पाहून राह्यला होता. ओरडाचं काम माहं होतं.

"होऊ दे जफर!" मी ओरडली.

अन् हालली ना लिफ्ट! जराशी थरथरली अन् मंग हळूच वर निघाली, झोपेतल्या लेकराले उचलावं तशी. जाळीतून पहिला मजला आला. जेवणाचा मोठा हॉल, त्याच्यात फक्त कबुतरं. दुसरा आला, खोल्यायची दारं नसलेली लांब गॅलरी. जिन्याच्या रंगीत काचा अजून शाबूत होत्या, माह्या हातावर लाल उजेड पडे, मंग हिरवा. पितळेचा दांडा होता तिथंच. म्या त्याच्यावर हात ठेवला. यायच्या हातानं घासून घासून तो एका जागी गुळगुळीत झालता. तिथंच धरला म्या.

तिसरा गेला. वरून ऊन आलं.

"अजून होऊ दे... अजून जरासं... बस!"

थांबली. म्या खाली पाह्यलं. फरशीले फरशी लागलती. बोट घालाले जागा नाई. माहं मलेच नवल वाटलं. सुरभीनं जाळी उघडली, पोट्टीच्या डोळ्यात पाणी अन् हातात मोबाईल.

मी सरळ कठड्यापाशी गेली.

यवतमाळ केवढं झालं! इमारतीवर इमारती, टाक्या, टॉवर. म्या शोधलं. आमच्या गल्लीतली पाण्याची टाकी सापडली, मंग आमच्या दारचा लिंब सापडला, अन् त्याच्या बाजूले, दोन मोठ्या बिल्डिंगीच्या फटीत, माही गच्ची. सकाळी निघताना म्या हिरवी साडी वाळू घातली होती, ती दिसली. एवढीशी. बोटाच्या पेराएवढी. हालून राह्यली होती.

इथंच उभे राहत हे. याच जागी. रोज इथून मी दिसत होती. अन् मी तिथून आभाळाकडं पाहत तोंड वाकडं करो. ओ माय वं, एकडाव तं हात हलवला असता! एकडाव! म्या कठडा धरला अन् मोठ्यानं रडली. सुरभीनं मले रडू देलं.

मंग पायाले चटका बसला.

आधी कळलंच नाई कायचा. गच्ची तापलती. म्या एक पाय उचलला, मंग दुसरा, अन् खाली पाह्यलं. पाय उघडे होते.

कधी काढल्या म्या? देवाशपथ सांगते, मले आठवत नाई. अमरनं स्टूल आत ठेवला, पितळेचं दार उघडं होतं, आरसा दिसला, अन् पायायनं आपल्या मनानं काढल्या असतीन. नव्या कोऱ्या सँडल. टाचेच्या.

मी उड्या मारत सावलीत आली, लिफ्टच्या दारापाशी. तिथली फरशी जुनी होती, गुळगुळीत. इथंच मांडत असतीन हे साऱ्यायच्या जोड्या.

"आजी, तुह्या सँडल?" सुरभी म्हणे.

"खाली राह्यल्या."

"तू बी काढल्या?" तिले हासू आलं. पैजेची गोष्ट तिले माहीत होती, साऱ्या घराले माहीत होती. "थांब, मी धावत जाऊन आणते."

"नोको," म्या म्हटलं. "जफर, लिफ्ट खाली जाऊ दे."

जफरनं मशीनच्या खोलीतून डोकं बाहेर काढलं. "खाली कोण हाय भाभी?"

"जाऊ दे म्हणते ना."

त्यानं माह्या पायाकडं पाह्यलं. अन् त्याले समजलं. किती वर्षं त्यानं यायले त्या चपला वर नेताना पाह्यलं होतं. आत गेला, ब्रेक सोडला अन् चाकाले भिडला. रिकामी लिफ्ट खाली नेणं लय जड, सारं उलटं वजन ओढावं लागते. त्याचं कण्हणं ऐकू ये. लिफ्ट हळूहळू खाली गेली. जाळीतून मले नुसते दोर दिसत, चालताना. मंग ते थांबले.

खाली अमर कुठं गेलता कोणास ठाऊक. आवाज नोता कायचाच. जफर दम घेत होता. मी जाळीपाशी उभी होती, अन् खरं सांगते, माहं काळीज नव्या नवरीसारखं धडधडून राह्यलं होतं.

"होऊ दे जफर," म्या म्हटलं.

दोर चालू लागले. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं टप दिसलं, मंग जाळी आली, अन् फरशीले फरशी लागून लिफ्ट थांबली. म्या जाळी ओढली.

आत यायचा स्टूल होता. आरसा होता, अन् त्याच्यात मी होती. खाली लाल गालिच्याचे धागे, दुसरं काही नाई.

"हरली मी," म्या म्हटलं. "जिंकले तुम्ही. पण वर आणून देतो म्हणलं होतं ना हो."